खुरपणीतली भाजी : ओळखून खा, विचारून खा



‘तण खाई धन’ ही म्हण आपण सगळेच ऐकत आलो आहोत. ती खोटी नाही. पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस पीक आणि तण यांची झटापट चालू असते. त्या दिवसांत तण माजले तर ते खतात, पाण्यात, उन्हात वाटा मागते आणि पीक मार खाते. म्हणून खुरपणी आणि कोळपणी वेळेवर झालीच पाहिजे. त्यात दुमत नाही.

पण खुरपून बांधावर टाकलेला ढीग एकदा नीट बघा. त्यात तांदुळजा असतो, घोळ असते, कुरडू असते, केना असतो. आपल्या आज्या-पणज्या हेच तण ओच्यात घालून घरी आणत आणि त्याचे कोरड्यास करत. आज आपण ते बांधावर वाळू देतो आणि आठवडे बाजारातून पैसे मोजून शिळी मेथी आणतो. पिकाला तण नको असते तेव्हाच ते सर्वांत कोवळे असते. म्हणजे पहिल्या खुरपणीत दोन कामे होतात. रान स्वच्छ होते आणि घरात भाजीही येते.

मात्र आजीच्या काळात आणि आजच्या काळात एक मोठा फरक पडला आहे. तेव्हा रानात तणनाशक नव्हते. आज आहे. त्यामुळे भाजी ओळखता आली एवढ्याने भागत नाही. ती ज्या रानातली आहे तिथे काय फवारले, कधी फवारले, हेही ठाऊक असावे लागते. बहुतेक घरांत भाजीची ओळख बाईला असते आणि फवारणीची खबर गड्याला असते. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत तर धोका होतो. म्हणून या पत्रकात दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत. ओळखून खा आणि विचारून खा.

खाण्याजोगी ओळखीची तणे

आपल्या भागात नाव वेगळे असू शकेल. म्हणून नावाबरोबर खूणही दिली आहे. खूण जुळली तरच पुढे जा.

तांदुळजा, रानमाठ, काटेमाठ. ही सगळी माठाच्याच कुळातली. पाने एकाआड एक येतात, शेंड्याला हिरवट तुरा येतो. काटेमाठाच्या पेरापेरापाशी जोडीने काटे असतात, त्यामुळे हाताला लगेच कळतो. त्याचे कोवळे शेंडे काटे काढून खातात. लसणाची फोडणी आणि थोडी मिरची एवढ्यावर तांदुळज्याची भाजी होते. तुरा आला की पान राठ होते. शिवाय एकेका झाडाला हजारो बिया धरतात. तुऱ्याआधी उपटले की भाजीही मिळते आणि पुढच्या वर्षीचे तणही कमी होते.

घोळ. जमिनीलगत पसरते. देठ तांबूस, गुळगुळीत आणि रसाळ. पाने जाड, चमच्याच्या आकाराची, चवीला आंबट. फूल बारीक पिवळे. तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत घोळ फार चांगली लागते. हिच्यासारखीच जमिनीवर पसरणारी दुसरी वनस्पती म्हणजे नायटी किंवा दुधी. ती खायची नाही. ओळखायची कशी? देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. घोळीतून स्वच्छ पाणी येते, चीक कधीच येत नाही. पानही बघा. नायटीचे पान पातळ असते, घोळीचे मांसल.

कुरडू. बाजरी, तूर, भुईमूग, सोयाबीन यांत सरळ वाढते. पुढे हिला पांढरट-गुलाबी, वातीसारखा उभा तुरा येतो. तो आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. भाजी तुरा येण्याआधीची घ्यायची. मूगडाळ किंवा कांदा घालून परततात.

केना. पेरांपेरांनी पसरणारा, रसाळ देठाचा, निळ्या फुलाचा. पानावरच्या शिरा लांबीला समांतर जातात. कोवळ्या पानांची भजी करतात, भाजीही करतात. हे तण मोठे चिवट आहे. खुरपून ओल्या जमिनीवर टाकले तर प्रत्येक पेराला पुन्हा मुळ्या फुटतात. याला जमिनीखालीसुद्धा फुले येऊन बिया धरतात. म्हणून केना रानात टाकू नका. कोवळा तेवढा भाजीला घ्या, उरलेला उन्हात दगडावर वाळवा.

टाकळा. विदर्भात याला तरोटा म्हणतात. पहिल्या पावसानंतर बांधावर, पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला दाट उगवतो. पानाच्या काडीवर पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात, त्यांची टोके गोलसर असतात आणि संध्याकाळी त्या मिटतात. पुढे लांब, बारीक, वाकलेल्या शेंगा येतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला कोवळा पालाच भाजीला घ्यायचा. कोकणात त्यात ओले खोबरे घालतात, देशावर भिजवलेली हरभराडाळ. टाकळ्यासारखा दिसणारा कासविंदा मात्र विषारी आहे. त्याची माहिती पुढे दिली आहे, ती वाचल्याशिवाय टाकळा तोडू नका.

आघाडा. गौरी-गणपतीच्या पत्रीत असतो तोच. कपड्याला चिकटणाऱ्या उलट्या बियांचा तुरा येतो. तुरा येण्याआधीची कोवळी पाने भाजीला घेतात.

पाथरी. ही रब्बीची. गव्हात, कांद्यात, भाजीपाल्याच्या वाफ्यात जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरते. पानांच्या कडा दातेरी, फूल पिवळे. ही धुऊन कच्चीच भाकरी-ठेच्याबरोबर खातात, पीठ पेरूनही करतात. हिला चीक येतो, तरी ही खाण्याची आहे. म्हणून ध्यानात ठेवा, चिकाची परीक्षा फक्त घोळीसाठी आहे, सगळ्या भाज्यांना ती लावू नका.

चाकवत. गव्हा-हरभऱ्यात आपोआप उगवतो. कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला पिठासारखी पांढरट पूड असते. ताकातली पातळ भाजी करायची तर चाकवतासारखी दुसरी भाजी नाही.

यात पोषण किती आहे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत माठाच्या हिरव्या पाल्यात १०० ग्रॅमला सुमारे ३३० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, दाखवला आहे. तेवढ्याच गाईच्या दुधात तो १२० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. माठात लोह साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास आहे. शिवाय डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते द्रव्य सगळ्याच हिरव्या पाल्यांत भरपूर असते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाल्यातला सगळा चुना आणि सगळे लोह अंगी लागत नाही. या भाज्यांत ऑक्झॅलेट नावाचे आंबट द्रव्य असते, ते चुन्याला बांधून ठेवते. म्हणून पालेभाजी ही दुधाची जागा घेणारी नव्हे, दुधाच्या जोडीची आहे. लोह चांगले शोषले जावे यासाठी भाजीवर लिंबू पिळा किंवा जेवणात आवळा, टोमॅटो ठेवा. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. चहा तासाभराने घ्या.

ही गोष्ट बायकांनी विशेष मनावर घ्यावी. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. दिवसभर खुरपणी करणारी बाई स्वतःच्या हातांनी लोहाची भाजी उपटते आणि बांधावर टाकते. संध्याकाळी मात्र चटणी-भाकरीवर झोपते. हे बदलता येण्याजोगे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. मात्र आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या भाजी सुरू केली म्हणून बंद करू नका. दोन्ही चालू ठेवा.

या तणांना हात लावू नका

खाल्लेल्या भाजीतून विषबाधा होते ती बहुधा दोन कारणांनी. एक तर दिसायला सारखी म्हणून दुसरीच वनस्पती तोडली जाते. नाहीतर घाईत मूठभर पाला ओरबाडताना विषारी रोप त्यात येते.

कासविंदा. काही भागांत याला रानटाकळा म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. याच्या पर्णिका तीन ते पाच जोड्यांत येतात आणि टोकाला निमुळत्या, अणकुचीदार असतात. पाला चुरगळला की उग्र घाण वास येतो. शेंगा चपट्या असतात. याच्या बिया फार विषारी. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दरवर्षी थंडीच्या तोंडावर लहान मुले बेशुद्ध होऊन दगावत होती. तो मेंदूज्वर समजला जात होता. पुढे डॉक्टरांनी माग काढला तेव्हा कळले की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलांना हे झाड दाखवून ठेवा आणि घराजवळ असेल तर शेंगा धरण्याआधी उपटून टाका. कोणत्याच टाकळ्याच्या बिया भाजून खाण्याच्या भानगडीत पडू नका.

शंकेश्वर. कपड्याला आणि जनावरांच्या केसांना चिकटणारी काटेरी बोंडे येणारे हे झाड. काही गावांत यालाही गोखरूच म्हणतात. खरा गोखरू म्हणजे जमिनीवर पसरणारा, टोचऱ्या काट्याचा सराटा. त्याचा कोवळा पाला कुठे कुठे खातात. नाव एक आणि झाडे दोन, त्यांतले एक विषारी. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. शंकेश्वराचे रोप अगदी कोवळे, दोन पानांवर असते तेव्हाच सर्वांत जास्त विषारी असते. बांगलादेशात सिल्हेट भागात २००७ साली पूर आला, धान्य महागले आणि भुकेल्या लोकांनी या झाडाची कोवळी रोपे भाजी म्हणून शिजवून खाल्ली. ७६ जण आजारी पडले, त्यांतले १९ दगावले. ते लोक आपल्यासारखेच शेतीवर जगणारे होते. हे झाडही त्यांना अनोळखी नव्हते. कोवळे ते सगळे चांगले, असा समज कुणी करून घेऊ नये.

धोत्रा. याचे लहान रोप माठाच्या वाफ्यात मिसळून वाढते. मोठेपणी कर्ण्यासारखे फूल आणि काटेरी फळ आले की सगळे ओळखतात, पण लहानपणी फसगत होते. पोटात गेला तर तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो.

पिवळा धोत्रा. काटेरी पान, पिवळे फूल, तोडले की पिवळा चीक. याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याचे तेल मिसळले गेले आणि साठांवर माणसे दगावली. मोहरी घरची असली तरी निवडूनच घ्या.

कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर चढते. फूल ज्वाळेसारखे लाल-पिवळे. हिचे कंद जीवघेणे विषारी आहेत. रानातला कंद ओळखीशिवाय उकरून कधीही खाऊ नका.

गाजर गवत. हे पुण्याजवळ १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेस आले आणि आता देशभर पसरले. पान गाजरासारखे, पण खाण्याचे नाही. अंगाला खाज आणतो, काहींना दमाही होतो. भाजी निवडताना याचे पान आले तर ती मूठच टाकून द्या.

फवारलेल्या रानातली भाजी नको

आता दुसरी गोष्ट, विचारून खाण्याची.

तणनाशक मारले की तण लगेच वाळते, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. ग्लायफोसेटसारखे औषध पानातून आत जाते, मुळापर्यंत पोचते आणि मग हळूहळू झाड पिवळे पडते. त्याला चार दिवस, आठवडा, ढगाळ हवेत त्याहूनही जास्त वेळ लागतो. तोवर तण हिरवेगार, टवटवीत दिसते. नेमक्या त्याच दिवसांत कुणी ती भाजी खुडली तर? ॲट्राझीनसारखी औषधे तर जमिनीवर मारतात आणि मुळे ती शोषून घेतात. पानावर डाग नाही, वास नाही. डोळ्यांनी काही कळत नाही.

औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते, फवारणीनंतर इतके दिवस पीक काढू नये. तो हिशेब पिकाचा आहे. तण हे खाण्यासाठी नसते असे धरूनच औषध तयार होते, म्हणून तणासाठी असा कोणताही सुरक्षित दिवस डब्यावर दिलेला नसतो. धुऊन किंवा शिजवून पानाच्या आत गेलेले औषध निघून जात नाही. तेव्हा नियम सोपा ठेवा. ज्या रानात या हंगामात तणनाशक मारले, त्यातली रानभाजी या हंगामात खायची नाही. कापूस, मिरची, टोमॅटो यांवर कीटकनाशकाच्या फवारण्या चालू असतील तर त्या ओळींमधलीही भाजी नको.

शेजाऱ्याने त्याच्या बांधावर मारले असेल तर वाऱ्याने ते आपल्या बाजूलाही येते. म्हणून विचारा. विचारण्यात कसला कमीपणा?

एक गोष्ट रानमालकांसाठी. आपल्या रानात मजुरीने खुरपायला येणाऱ्या बाया संध्याकाळी पदरात भाजी बांधून नेतात. ती त्यांच्या मुलाबाळांच्या ताटात जाते. त्यांना फवारणीची माहिती नसते, कारण त्या दिवशी त्या तिथे नव्हत्या. ती माहिती तुम्हाला असते. कामाला लावतानाच सांगा, “बायांनो, या तुकड्यात औषध मारलंय, यातली भाजी नेऊ नका. वरच्या तुकड्यातली न्या.” हे एक वाक्य बोलायला क्षण लागतो, आणि न बोलल्याचा हिशेब दुसऱ्याचं घर फेडतं. हे सांगणं मालकाचं कामच आहे.

घरात पुढील तीन सवयी लावून घ्या.

१. फवारणी झाली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला औषधाचे नाव आणि रानाचा तुकडा लिहा.

२. फवारलेल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर काठीला लाल चिंधी बांधा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळते. वस्तीवरच्या सगळ्यांना त्या खुणेचा अर्थ सांगून ठेवा.

३. विहिरीजवळ किंवा घराजवळ गुंठा-अर्धा गुंठा जागा बिनफवारणीची ठेवा. तिथे तांदुळजा, घोळ, चाकवत आपोआप येऊ द्या, कोवळे खुडत राहा, फक्त बी धरू देऊ नका.

फवारणीशिवाय आणखी काही जागा टाळा. गटाराचे पाणी जिथे फिरते तिथली, मोठ्या रस्त्याच्या धुराळ्यातली आणि उकिरड्यावरची भाजी घेऊ नका. उकिरड्यावर किंवा भरपूर युरिया पडलेल्या जागी माठ जोमदार दिसतो, पण त्याच्या पानात नायट्रेट साठते. ते लहान बाळांना आणि जनावरांनाही बाधते.

शिजवण्याची रीत

भाजी आणली की आधी सुपात किंवा कापडावर पसरा आणि पान न् पान निवडा. घाईने जुडी चिरू नका. जे पान ओळखीचे नाही ते बाजूला काढा. मग चिरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुवा. चिरून धुतली तर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात.

कुरडू, टाकळा, केना, आघाडा या भाज्या शिजवूनच खा. घोळ आणि चाकवत आंबट असतात. एरवी त्या थेट डाळीत शिजवल्या तरी चालते. पण मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्या टाळाव्या. खायच्याच झाल्या तर उकळून पहिले पाणी फेकून, थोड्या आणि क्वचित खाव्या. शिजवलेली पालेभाजी त्याच दिवशी संपवा. शिळी दुसऱ्या दिवशी गरम करून लहान मुलांना देऊ नका.

पहिल्यांदाच एखादी रानभाजी खात असाल तर थोडी खा आणि एका वेळी एकच खा. चार अनोळखी भाज्या एकत्र केल्या आणि पोट बिघडले तर कशाने बिघडले ते कळणार नाही.

घरगुती उपाय : कुठवर जायचे

ही तणे औषधालाही वापरतात. काही उपाय साधे आणि निरुपद्रवी आहेत. काही ठिकाणी मात्र झाडपाल्यात वेळ गेला की माणूस जातो. दोन्ही वेगळे ओळखले पाहिजेत.

खुरपे लागून ओरखडा आला तर बाया एकदांडीचा, म्हणजे दगडीपाल्याचा, रस लावतात. वरवरच्या ओरखड्याला लावायचा तर आधी जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा. पालाही धुतलेला हवा. जखम खोल असेल, माती-शेण गेले असेल तर पाला भरू नका. सरळ दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची सुई घ्या.

नायट्यावर, गजकर्णावर टाकळ्याचा पाला पूर्वापार चोळतात. आठ-पंधरा दिवसांत उतार पडला नाही, किंवा आग होऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवा. दुकानातून नुसत्या सांगोवांगी मिळणारी मलमे लावू नका. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा मग अंगभर पसरतो.

पाटाच्या कडेला येणाऱ्या माक्याचे तेल केसांना लावतात, त्यात काही वावगे नाही.

कावीळ झाली की भुईआवळ्याचा रस देतात. इथे नीट समजून घ्या. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ पुष्कळांची विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप उतरते. मग यश पाल्याच्या नावावर जाते. पण सगळ्याच काविळी तशा नसतात. त्यातून गरोदर बाईला कावीळ झाली तर जिवाला मोठा धोका असतो. डोळे पिवळे दिसले की रक्त तपासून घ्या. उतारा, गंडा, पाला यांत दिवस घालवू नका.

विंचू चावला की आघाड्याचे मूळ फिरवतात. तांबड्या विंचवाच्या दंशाने हृदयावर परिणाम होतो, लहान मुले त्यानेच दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर उपचार करता करता १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीचा गुण दाखवून दिला आणि तिने असंख्य जीव वाचले. घाम सुटणे, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली की मुळी शोधायला रानात जाऊ नका, आरोग्य केंद्र गाठा. सर्पदंशात तर कोणतेही तण, कोणतीही मुळी उपयोगाची नाही. सापाच्या विषावर प्रतिविषाची सुई हाच उपाय.

श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

गरोदर बाईने या भाज्या खाव्या का? ओळखीची, बिनफवारणीची, शिजवलेली भाजी जरूर खावी. झाडपाल्याचे काढे आणि रस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, चालेल का? काही गोळ्यांचा गुण हिरव्या पाल्याने कमी होतो. एकदम रोज भरपूर पालेभाजी सुरू करू नका, डॉक्टरांना सांगून प्रमाण ठरवा.

उरलेले तण जनावरांना घालावे का? फवारलेले मुळीच नको. बिनफवारणीचे असले तरी नुसता माठ पोटभर घालू नका, नायट्रेटने आणि पोटफुगीने जनावर दगावू शकते. कडब्याबरोबर थोडे मिसळा. शंकेश्वराची कोवळी रोपे आणि बोंडे जनावरांनाही विषारी आहेत.

बाजारात विकता येईल का? येईल. पावसाळ्यात शहरात रानभाजीला गिऱ्हाईक असते. कृषी विभागही ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे बचत गटांना जागा मिळते. पण जी भाजी स्वतःच्या मुलाला घालणार नाही ती विकू नका.

चुकून विषारी पाला पोटात गेला तर? घरी उलटी काढण्याच्या नादी लागू नका. मीठ-पाणी पाजू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. उरलेली भाजी आणि त्या झाडाची फांदी पिशवीत घालून बरोबर न्या. झाड बघितले की डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतात.

शेवटी एवढेच

रानभाजीची ओळख पुस्तकातून पुरती होत नाही. चित्रावरूनही होत नाही, कारण चित्रात वास नसतो, हाताला लागणारी लव नसते. ती ओळख तुमच्या वस्तीवरच्या चार म्हाताऱ्या बायांजवळ आहे. या पावसाळ्यात सुना-मुलींनी आणि मुलांनीसुद्धा त्यांच्याबरोबर एक सकाळ बांधावरून फिरावे. त्यांनी दाखवावे, यांनी तोडावे, वास घ्यावा, नाव विचारावे. आणि घरच्या फवारणी करणाऱ्या माणसाने त्यांच्याबरोबर जाऊन कोणते रान कोरे आहे ते दाखवावे.

हे पत्रक वाचून झाले की दाराआड खिळ्याला अडकवून ठेवा, आणि जाताना एवढे ध्यानात ठेवा.

• खूण पूर्ण जुळली तरच तोडा. शंका आली की टाकून द्या.

• रानात काय मारले ते विचारा. मारणाऱ्याने न विचारता सांगा.

• कोवळे घ्या, निवडून घ्या, धुऊन शिजवा, ताजे खा.

• भाजी पोट भरण्यासाठी आहे. कावीळ, सर्पदंश, विंचू, खोल जखम यांसाठी दवाखाना.

पाऊस चांगला होवो, खुरपणी वेळेवर होवो, आणि ताटात हिरवे असो. रामराम!